सुगंधी काळा चहा: दुधाच्या चहावर वाढलेल्यांसाठी पहिली पावलं

परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून चॉकलेटांच्या जोडीनं चहाचा एखादा देखणा डबा हमखास निघतो. झाकण उघडलं की संत्र्याचा, व्हॅनिलाचा नाहीतर कुठल्याशा फुलाचा घमघमाट येतो. मग आपण सवयीनं आधण ठेवतो, त्यात तो चहा टाकतो, साखर आणि दूध घालतो आणि चांगली खळखळून उकळी काढतो. सगळ्या स्वयंपाकघरात वास दरवळतो. कपात मात्र किंचित कडवट, दुधाळ पाणी उरतं. दोष चहाचा नसतो आणि आपल्या जिभेचाही नसतो. वास उकळताना हवेत उडून गेलेला असतो, एवढंच.

या चहाला वेगळी वागणूक लागते. ती अवघड नाही, महागही नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी: सुगंध आपल्याला पाकीट विकत घ्यायला लावतो, पण कप संपवावासा वाटेल की नाही, हे त्या सुगंधाखालचा चहा ठरवतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये चहा आधी येईल आणि सुगंध नंतर.

१. पाकिटाची मागची बाजू वाचा

दुकानात ‘टी’ लिहिलेल्या प्रत्येक पाकिटात चहा असतोच असं नाही. कॅमोमाइल, पुदिना, रुइबॉस ही सगळी वेगळ्या वनस्पतींची पेयं आहेत. आपल्याला हवं ते पाकीट असं, की घटकांच्या यादीत पहिलं नाव काळ्या चहाचं, म्हणजे ‘ब्लॅक टी’चं, आहे. ‘ग्रीन टी’ असेल तर तो बाजूला ठेवा. त्याला कमी गरम पाणी लागतं आणि त्याची चवही निराळी.

मग सुगंध कसा आला आहे ते बघा. सर्वांत सरळ प्रकार म्हणजे दालचिनी, वेलदोडा, संत्र्याची साल असे पदार्थच चहात मिसळलेले असणं. दुसरा प्रकार बाजारात सगळ्यांत जास्त आढळतो: सुगंधी तेल किंवा अर्क सुक्या पानांवर फवारून ती पानं मोठ्या फिरत्या पिंपात घोळवतात. तिसरा प्रकार जुना आहे. चहाची पानं आजूबाजूचा वास पटकन शोषून घेतात, या गुणाचा त्यात उपयोग करतात. चीनमध्ये गुलाबाच्या पाकळ्यांसोबत ठेवलेला काळा चहा मिळतो. फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरांमध्ये पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला लॅपसांग सूचाँगही याच कुळातला.

पारदर्शक खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या-पिवळ्या पाकळ्यांना भुलू नका. कॉर्नफ्लॉवर नावाच्या फुलाच्या निळ्या पाकळ्या चहाला जवळजवळ काहीच चव देत नाहीत, त्या दिसायला छान म्हणून घातलेल्या असतात. स्ट्रॉबेरीच्या सुक्या तुकड्यांचंही बहुतेक वेळा तेच. चव येते ती फवारलेल्या अर्कातून.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर वरून सुगंध घातल्याचा उल्लेख असतो आणि त्यापुढे ‘नॅचरल’, ‘नेचर आयडेंटिकल’ किंवा ‘आर्टिफिशियल’ असा शब्द असतो. नॅचरल म्हणजे वनस्पतीतून काढलेला. नेचर आयडेंटिकल म्हणजे निसर्गात सापडतो तोच रेणू, पण कारखान्यात तयार केलेला. व्हॅनिलाच्या शेंगेतलं व्हॅनिलिन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. यात घाबरण्यासारखं काही नाही. फरक चवीत पडतो. खऱ्या सालीच्या तेलात अनेक घटक असतात, त्यामुळे त्याचा वास पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत बदलत राहतो. एखाद-दुसऱ्या रेणूवर उभा केलेला वास एकसुरी वाटतो आणि थोड्या वेळानं नकोसा होतो.

यादीत आणखी दोन नावं शोधा. पहिलं ‘हिबिस्कस’: हा लाल अंबाडीच्या बोंडांचा सुकवलेला भाग. त्यानं रंग सुंदर लाल येतो, पण चहा आंबट होतो आणि त्यात दूध घातलं की फाटतं. दुसरं ‘लिकोराइस’, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. साखर न घालताही चहा गोड लागला तर कारण बहुधा हेच. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ज्येष्ठमध असलेला चहा रोज घेऊ नये.

२. आधी बिनसुगंधाचा कोरा चहा प्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणूनच त्यांना सुगंधी चहा लवकर कंटाळवाणा वाटतो. आपण लहानपणापासून पितो तो चहा मुख्यतः सीटीसी असतो. ही पद्धत १९३०च्या सुमारास आसाममध्ये निघाली. पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करतात. दाणे लवकर रंग सोडतात, कडक उतरतात आणि दूध-साखरेला पुरून उरतात. उकळून केलेल्या चहासाठी यासारखं दुसरं काही नाही. पण तेच दाणे नुसत्या पाण्यात कोरे प्यायले तर जीभ तुरट होऊन जाते.

कोऱ्या चहासाठी अख्ख्या किंवा मोठ्या तुकड्यांच्या पानांचा ‘ऑर्थोडॉक्स’ चहा घ्या. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतल्या चहापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. हा चहा स्वच्छ, हलका, सुवासिक असतो, फार तुरट होत नाही आणि किमतीलाही परवडतो. तो ओळखीचा झाला की आसामचा ऑर्थोडॉक्स पाहा: भारदस्त, भाजलेल्या धान्याची आठवण करून देणारा. श्रीलंकेच्या उंच डोंगरांतला चहा तरतरीत आणि किंचित लिंबूवर्गीय असतो. दार्जिलिंगला तर फुलांचा आणि पिकल्या द्राक्षांचा स्वतःचा सुगंध आहे. चांगल्या दार्जिलिंगवर वरून सुगंध फवारणं मला मुळीच पटत नाही. तो नुसताच प्यावा.

आठवडाभर रोज एक कप साधा कोरा चहा घेतलात तरी पुरे. जीभ तुरटपणा, कडवटपणा आणि अंगचा गोडवा वेगवेगळा ओळखू लागते. त्यानंतर सुगंधी चहा प्यायला की खालचा चहा कुठला आहे, बरा आहे की नुसता रंगासाठी घातलेला बारीक चुरा आहे, हे आपोआप कळतं.

३. उकळायचं पाणी, चहा नाही

आलं, दालचिनी, गवती चहा यांचा स्वाद त्यांच्या पेशींमध्ये, तंतूंमध्ये अडकलेला असतो. तो उकळल्याशिवाय पुरता सुटत नाही, म्हणून आपली आधणाची पद्धत त्यांना योग्यच आहे. फवारलेलं तेल मात्र पानाच्या पृष्ठभागावर असतं आणि उष्णतेनं झपाट्यानं उडतं. त्याला गरम पाणी हवं, झाकण हवं आणि थोडा वेळ हवा.

एका माणसासाठी साधारण २०० मिलिलिटर पाणी घ्या. त्याला २ ग्रॅम चहा पुरतो. बारीक पानाचा असेल तर सपाट छोटा चमचा, मोठ्या पानाचा असेल तर चांगला शीगोशीग. पिशवीवाल्या चहात प्रत्येक पिशवीत साधारण एवढाच चहा असतो. कप किंवा किटली आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, म्हणजे थंड चिनी मातीत पाण्याची उष्णता वाया जात नाही. चहा किटलीत टाका, पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून लगेच त्यावर ओता आणि झाकण लावा. किटली नसेल तर झाकणाचं छोटं पातेलं चालतं, फक्त ते पुन्हा गॅसवर ठेवू नका.

सुट्या पानांचा चहा ३ ते ४ मिनिटं मुरू द्या. पिशवीत बारीक चुरा असतो, त्याला २ ते ३ मिनिटं पुरतात. घड्याळ लावा, अंदाजानं इथे फसायला होतं. वेळ झाली की गाळून घ्या, पानं पाण्यात तशीच राहू देऊ नका. चहा कडक हवा असेल तर चहाचं प्रमाण वाढवा. वेळ वाढवलीत तर सुगंध वाढत नाही, फक्त तुरटपणा वाढतो. पिशवी चमच्यावर दाबून पिळण्याची सवय अनेकांना असते. त्यातून शेवटी येतो तो बहुतांशी कडवटपणा.

पाण्याचाही मोठा वाटा असतो. बोअरचं जड पाणी असेल तर चहावर तेलकट दिसणारी पातळ साय धरते आणि रंग मळकट येतो. पाण्यातल्या कॅल्शियममुळे असं होतं. अशा घरात कोऱ्या चहासाठी फिल्टरचं पाणी वापरून बघा, त्याच पाकिटातला चहा वेगळा लागेल.

एक आणखी. चांगल्या ऑर्थोडॉक्स पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतता येतं, पण वरून घातलेला सुगंध बहुतेक सगळा पहिल्याच कपात उतरतो. दुसरा कप साध्या चहासारखा लागेल. खालचा चहा कसा आहे ते तपासायची ही उत्तम वेळ.

४. नाकानं चाखा

गोड, आंबट, खारट, कडू एवढंच मुख्यतः जिभेच्या हाती असतं. संत्रं, गुलाब, व्हॅनिला या सगळ्या चवी खरं तर नाकाच्या आहेत. खात्री करून घ्यायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, गिळा आणि मग नाक सोडा. नाक बंद असताना फक्त तुरट, कोमट पाणी वाटतं. सोडल्याबरोबर घशाकडून वर चढणारा सुगंध जाणवतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. चहाऐवजी संत्र्याच्या फोडीवर त्यांना तो करून दाखवा.

म्हणूनच हा चहा अगदी चटका बसेल इतका गरम पिऊ नये. मिनिट-दोन मिनिटं थांबा. पसरट कपात वास लवकर जातो, उभट कपात टिकतो.

५. कुठल्या क्रमानं जावं

पहिला कप अर्ल ग्रेचा असावा. हा जगातला सर्वांत परिचित सुगंधी काळा चहा. १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या दुसऱ्या अर्ल ग्रे, म्हणजे चार्ल्स ग्रे यांच्या नावानं तो ओळखला जातो. एका चिनी अधिकाऱ्यानं त्यांना ही कृती भेट दिली, अशा गोष्टी त्याच्याभोवती गुंफल्या गेल्या आहेत, पण त्यांना भक्कम पुरावा नाही. चहातला सुगंध बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर पिकतं. गर इतका आंबट-कडू की तो सहसा कोणी नुसता खात नाही. बागा आहेत त्या सालीतल्या तेलासाठी. या तेलात लिनालूल नावाचा घटक असतो आणि आपल्या धन्याच्या वासातही तोच मुख्य असतो.

काहींना अर्ल ग्रेचा पहिला घोट साबणासारखा लागतो. त्याला कारण आहे. बर्गमॉटचं तेल अत्तरांत आणि साबणांत पूर्वीपासून वापरलं जातं, कोलोनच्या मूळ प्रकारातही ते आहे. त्यामुळे नाकानं तो वास आधीच स्नानगृहाशी जोडून ठेवलेला असतो. तेल जास्त फवारलेलं असेल तर हा त्रास वाढतो. लगेच नाराज होऊ नका. अर्धा अर्ल ग्रे आणि अर्धा साधा निलगिरी असं मिसळून बघा. बऱ्याच जणांना हे मिश्रणच कायमचं आवडून जातं.

पुढचा मुक्काम सालीचा आणि मसाल्याचा. संत्र्याची साल, दालचिनी, लवंग असलेले काळे चहा मराठी जिभेला सर्वांत लवकर रुचतात, कारण त्यातला एकही वास अनोळखी नाही. आपल्या देशातही दूध न घालता सुगंधी चहा पिण्याची परंपरा जोमात आहे. केरळच्या मलबार भागात बिर्याणीनंतर लिंबू पिळलेला सुलेमानी घेतात. कोलकात्याच्या फुटपाथवर काळं मीठ घातलेला लेबू चा मिळतो. लिंबू पिळल्याबरोबर चहाचा रंग झर्रकन उजळतो. आम्लामुळे चहातल्या रंगद्रव्यांची छटा बदलते.

फळांचे चहा, म्हणजे आंबा, पीच, लिची, स्ट्रॉबेरी वगैरे, यांच्याकडे जरा जपून जा. वास पिकलेल्या फळाचा येतो, त्यामुळे मेंदू गोड चवीची वाट बघतो आणि घोट येतो तुरट. बहुतेक निराशा इथेच होते. अर्धा चमचा साखर घातली तर वास आणि चव यांची गाठ पडते. आंब्याचा सुगंध ज्यांना हापूसमुळे पाठ आहे त्यांना पाकिटातला आंबा क्वचितच पटतो, लिची आणि पीच मात्र बऱ्यापैकी जमलेले असतात.

व्हॅनिला, कॅरमेल, चॉकलेट हे आसामच्या भारदस्त चहावर चांगले बसतात. हलक्या चहावर तेच नुसतं गोड वासाचं पाणी वाटतं.

लॅपसांग सूचाँग शेवटी. धुराचा, चुलीचा वास येतो, आणि तो सगळ्यांसाठी नाही. तिखट-खारट खाण्यासोबत प्यायला तर त्याची खरी मजा कळते.

६. दूध आणि साखर

दूध घालणं हा गुन्हा नाही. दुधातलं प्रथिन चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवतं, म्हणून चहा मऊ लागतो. फक्त कुठे घालायचं ते बघावं. आसामच्या चहावरचे मसाला, व्हॅनिला, कॅरमेल असे प्रकार दूध आनंदानं घेतात. फळांचे, गुलाबाचे आणि हिबिस्कसचे चहा घेत नाहीत. अर्ल ग्रे मधोमध उभा आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात १९९०च्या दशकात ‘लंडन फॉग’ नावाचं पेय निघालं, त्यात अर्ल ग्रेमध्ये गरम फेसाळ दूध आणि व्हॅनिला घालतात. घरी ते सहज होतं: १०० मिलिलिटर पाण्यात दुप्पट चहा ४ मिनिटं मुरवा, गाळा, वेगळं गरम केलेलं तेवढंच दूध वरून ओता आणि व्हॅनिलाचे दोन थेंब टाका. दुधात चहा उकळायचा मोह मात्र आवरा.

साखर हळूहळू कमी करा. एकदम बंद केलीत तर दोष सुगंधी चहाच्या माथी येईल.

७. थोडं घ्या, नीट ठेवा

पहिल्या खेपेला ५० ग्रॅमच्या वर काहीही विकत घेऊ नका. २५ ग्रॅमचं पाकीट मिळालं तर उत्तम, त्यात बारा कप होतात. सुगंध वर्षभरात बराच मंदावतो. पाकीट फोडल्यावर सहा महिन्यांत संपवलेलं बरं.

चहा आजूबाजूचा वास शोषतो हे वर सांगितलंच. म्हणजे मिसळणाचा डबा, कॉफी, अगरबत्ती, धुण्याची पावडर यांच्याजवळ तो ठेवायचा नाही, आणि दोन सुगंधी चहा एका डब्यात तर कधीच नाहीत. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दमट हवेनं पानं सादळतात. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि कोरड्या चमच्यानंच चहा काढा. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पानांवर पाणी धरतं.

८. मग घरीच करून बघा

इथवर आलात की पाकिटांची गरज कमी होते. हिवाळ्यात नागपुरी संत्री येतात तेव्हा त्यांची साल धुऊन, आतला पांढरा भाग खरवडून, बारीक पट्ट्या कापून सावलीत कडकडीत वाळवा. पट्टी वाकली तर अजून ओल आहे, मोडली तर झाली. ५० ग्रॅम निलगिरी चहात मूठभर पट्ट्या आणि दालचिनीचा एक तुकडा घालून डबा आठ-दहा दिवस बंद ठेवा. गावठी गुलाबाच्या वाळवलेल्या पाकळ्यांचंही असंच करता येतं. ताज्या पाकळ्या घातल्या तर चहाला बुरशी धरते.

गवती चहाचा कोरा चहा तर प्रत्येक अंगणाचा हक्काचा. दोन पाती गाठ मारून पाण्यात दोन मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मग चहा टाका आणि झाकण ठेवून ३ मिनिटं मुरू द्या. दोन्ही पद्धती एकाच पातेल्यात: जे उकळायला हवं ते उकळलं, जे मुरायला हवं ते मुरलं.

९. बेतानं आणि वेळेवर

कोऱ्या चहातही कॅफीन असतं, एका मोठ्या कपात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी संध्याकाळनंतर टाळावा. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून तासाभराचं अंतर ठेवा. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी आणि मुलींनी हे जरूर पाळावं. अर्ल ग्रे दिवसाला एक-दोन कप ठीक. रोज चार लिटरपर्यंत तो पिणाऱ्या एका माणसाला स्नायूंमध्ये पेटके येऊ लागल्याची आणि अर्ल ग्रे बंद केल्यावर ते थांबल्याची नोंद २००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती. संशय बर्गमॉटच्या तेलातल्या एका घटकावर होता.

१०. उन्हाळ्यासाठी

एप्रिल-मे महिन्यांत गरम कप नकोसा होतो तेव्हा फळांचे चहा बाहेर काढा. त्यांचा खरा मोसम हाच. एक लिटर थंड पाण्यात ८ ते १० ग्रॅम चहा टाका, बरणीचं झाकण लावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून द्या. सकाळी गाळून घ्या. थंड पाण्यात तुरट घटक कमी उतरतात, त्यामुळे साखर जवळजवळ लागत नाही आणि पीच किंवा लिचीचा वास गरम चहापेक्षा स्वच्छ येतो. निलगिरीवर केलेला चहा थंड झाला तरी सहसा गढूळ होत नाही, म्हणून यासाठी तोच बघून घ्या. बरणी फ्रीजमध्येच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पाहुण्यांना द्यायचा असेल तर लिंबाची चकती ऐन वेळी टाका. आधीपासून घातली तर सालीचा कडवटपणा उतरतो.